न घटणारी थकबाकी

पूंगोल्लै नगरपालिकेचा करंट रेशो एक पॉइंट नऊ होता आणि हिशेब विभागातला पंखा बंद होता, कारण मागच्या बिलाचे पैसे मिळाल्याशिवाय वायरमन यायला तयार नव्हता. या दोन गोष्टी एकाच खोलीत कशा नांदतात, हा प्रश्न ऋजुताला पहिल्यांदा पडला तो त्याच खोलीत, मानेवरचा घाम पुसताना.

करंट रेशो म्हणजे काही मोठं गूढ नव्हे. वर्षभरात हातात येणारा पैसा वर लिहायचा, वर्षभरात द्यायचा पैसा खाली, आणि भागायचं. उत्तर एकच्या वर आलं की संस्थेचा रोजचा गाडा चालतो आहे असं समजायचं. एक पॉइंट नऊ म्हणजे शंभर रुपये देणं असेल तर एकशे नव्वद येणं आहे. अशा सुखवस्तू घराने वायरमनला दारात का ताटकळत ठेवावं?

ऋजुता मूळची लातूरची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पुण्यातल्या एका संस्थेने तिला दोन वर्षांसाठी इथे पाठवलं. लहान नगरपालिकांच्या पैशाचं नियोजन समजून घ्यायचं, जमेल तिथे मदत करायची, असं कामाचं स्वरूप होतं. राहायची चेन्नईतल्या अंबत्तूरला, तिथून बसने पूंगोल्लै. निघताना भाऊ, गंधार, म्हणाला होता, "एवढं शिकून शेवटी गटारं मोजणार तर!" त्यावर ती म्हणाली होती, "ताऱ्यांपेक्षा बरी. निदान जाऊन बघता तरी येतात."

आणि खरोखरच तिच्या वाट्याला एक गटार आलं होतं. कुयवर वीथी हा गावातला सगळ्यात खोलगट रस्ता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस लागला की तिथल्या घरांत गुडघाभर पाणी शिरायचं. रस्त्याच्या वरच्या टोकापासून खालच्या तलावापर्यंत पावसाळी गटार बांधायचं ठरलं होतं. आराखडा होता, टेंडर निघालं होतं, सुंदर नावाचा कंत्राटदारही ठरला होता. नव्हते ते चार कोटी रुपये. ते राज्याच्या वित्त मंडळाकडून कर्जाऊ घ्यायचे होते आणि मंडळाची अट होती की करंट रेशो किमान एक पॉइंट पंचवीस हवा. अर्जाचे तक्ते भरायचं काम ऋजुताकडे होतं.

"एक पॉइंट नऊ," हिशेब अधिकारी गिरिधर राव खुशीत म्हणाले. "ह्या वेळीं कोण्ही अडवणार नाहीं. तुम्ही भरा, मी सही करतों, आयुक्त मॅडम सही करतील, जाहलं."

गिरिधर रावांचं घराणं तंजावरकडचं. आजोबा बँकेच्या नोकरीसाठी चेन्नईत आले ते इथेच राहिले. घरात मराठी टिकली होती, पण ती जुन्या वळणाची आणि तमिळच्या चालीवर चालणारी. पहिल्या दिवशी ऋजुता भराभर बोलली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं होतं. "सावकाश, बाई, सावकाश. तुमचं मराठी लै पळतें. आमचं बैलगाडीचं आहे."

"सर, एक विचारू? एवढं येणं आहे तर वायरमनचे पैसे का देत नाही आपण?"

"येणं आहे म्हणून सांगितलों. आलं म्हणून कोठें सांगितलों?"

"पण मग कधी येणार?"

राव हसले. "तें विचारायचं नसतें. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत सरकारचं अनुदान येतें, तें पगाराला जातें. मग पंपांची वीज. मग जो कंत्राटदार जास्त ओरडतो तो. बाकीचे उगे बसतात. तीस वर्षं मी असंच चालवितों."

ऋजुताने मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नाही. तिने येण्याची फोड केली. एकोणीस कोटींच्या येण्यात बारा कोटी एकट्या मालमत्ता कराची थकबाकी होती. मग तिने ती थकबाकी वर्षावर्षाने, वॉर्डावॉर्डाने मांडली, आणि कोणी सांगितलं नसताना तिचा आलेख काढला. क्षय पावणाऱ्या गोष्टींचे आलेख तिने आयुष्यात पुष्कळ काढले होते. हात आपोआप तिकडे वळला.

बहुतेक वॉर्डांत दिसलं ते अपेक्षेप्रमाणेच. एखाद्या वर्षीची थकबाकी घ्यावी, तर पुढच्या वर्षी तिच्यातला थोडा भाग वसूल झालेला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडा. रेघ छान वाकत खाली येत होती. मात्र सातव्या, आठव्या आणि नवव्या वॉर्डातली रेघ वाकलीच नव्हती. पट्टीने मारावी तशी आडवी. अकरा वर्षांत त्यातला रुपयाही कमी झाला नव्हता.

तिने स्क्रीन रावांकडे वळवली.

"बुडवे लोक ते," राव म्हणाले. "पहिल्यांदा तिथें तीन ग्रामपंचायती होत्या. नगरपालिकेंत घातले म्हणून अजून राग आहे त्यांना."

"सर, बुडवेसुद्धा कधीतरी भरतात. घर विकायचं असलं की भरतात, कर्ज काढताना भरतात, नवीन नळ घेताना भरतात. इथे आठ हजारांवर घरं आहेत आणि एकानेही एकदासुद्धा चुकून पैसे भरलेले नाहीत. माणसं इतकी शिस्तीत वागतात का?"

"मग कोण वागतें?"

"तेच बघायचंय. उद्या मी आठव्या वॉर्डात जाऊन येऊ?"

"जा की. पण अर्ज ह्या महिन्यांत जायला पाहिजे, तें विसरूं नका. पाऊस तुमच्या आलेखासाठी थांबणार नाहीं."

आठव्या वॉर्डाचा बिल कलेक्टर रंगा. पस्तिशीचा, बोलका, डोक्यावरचं हेल्मेट कधीच नीट न बसणारा. ऋजुताला मागे बसवून त्याने दुचाकी काढली आणि तिला एव्हाना कळू लागलेल्या तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, तिथे बघण्यासारखं काय आहे? घरं आहेत, कुत्री आहेत. कुत्री मला ओळखतात, तुम्हाला ओळखत नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

ऋजुताने यादीतलं कुठलंही एक नाव निवडलं होतं. पिळ्ळैयार कोविल रस्ता, घर क्रमांक चौदा. अकरा वर्षांची थकबाकी. फाटकाशी पोचल्यावर तिने वर पाहिलं. खांबावर निळ्या रंगात दोन आकडे होते, जुना १४ आणि नवा ३१. त्यात नवल काहीच नव्हतं. चेन्नईत अर्ध्या घरांवर असे दोन नंबर असतात. अंबत्तूरला तिच्या खोलीच्या पत्त्यातही होते, आणि कुरियरवाला आला की दर वेळी फोन करून कुठला धरू म्हणून विचारायचा.

अंगणात एक म्हाताऱ्या बाई साडीच्या तुकड्यावर वडाम, म्हणजे आपल्या कुरडया, घालत बसल्या होत्या. रंगाने ओळख करून दिली, "या तुळसी अम्माळ. या रस्त्यावर टॅक्स सगळ्यात आधी कोण भरत असेल, तर या."

ऋजुताने यादीकडे पाहिलं. "अम्मा, हे चौदा नंबर ना?"

"एकतीस," अम्माळ म्हणाल्या. "चौदा होतं ते पंचायतीच्या वेळी. माझ्या सासऱ्यांच्या नावावर."

"मग चौदा नंबरचा कर कोण भरतं?"

"ते माझ्या सासऱ्यांना विचार. दर वर्षी नोटीस त्यांच्याच नावाने येते. मी फोटोपुढे उभं राहून मोठ्याने वाचते. ते काही बोलत नाहीत."

रंगा फिस्सकन हसला. ऋजुताला मात्र हसायचं भान राहिलं नाही. "आणि एकतीसचा?"

"तो मी भरते. सहामाहीच्या पहिल्या महिन्यात भरला की पाच टक्के सूट असते. मी कशाला सोडू?"

"पण अम्मा, घर तर एकच आहे."

"एकच की! मी काय दोन घरांत झोपते?"

"मग ऑफिसात येऊन सांगितलं का नाही?"

अम्माळनी पिठाचा हात थांबवला. "कण्णा, पोरी, ऑफिसात नाव घालायला गेलं तर एक खेप. नाव काढायला गेलं तर मृत्यूचा दाखला आणा, वारसाचा आणा, दोन साक्षीदार आणा. नोटीस घरात आली म्हणून मला काय टोचते?"

ऋजुता तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. प्रत्येक फाटकावर दोन आकडे. यादीतले जुने नंबर सगळे थकलेले. नवे नंबर रंगाच्या फोनवर तपासले, तर बहुतेक भरलेले. तीन पंचायती नगरपालिकेत आल्या तेव्हा नव्याने मोजणी झाली, घरांना नवे नंबर मिळाले, नव्याने कर बसला. पण पंचायतीची जुनी यादीही जशीच्या तशी संगणकात चढवली गेली. तेव्हापासून तीन वॉर्डांतलं प्रत्येक घर नगरपालिकेच्या हिशेबात दोनदा उभं होतं. एक विटांचं, एक नुसतं आकड्याचं. आणि आकड्याच्या घरात राहणारं कुणी नसल्यामुळे ते कधीच पैसे भरत नव्हतं.

"तुम्हाला हे माहीत होतं?" तिने रंगाला विचारलं.

रंगा कानामागे खाजवत म्हणाला, "माझ्या रस्त्यांचं माहीत होतं. मला वाटलं, बाकीच्यांचं बरोबर असेल. सातव्या वॉर्डाचा कलेक्टर बहुतेक हेच म्हणेल."

"मग नावं कमी करायला लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं, मॅडम. एकदा, एकच नाव. ऑडिटवाले आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, 'सरकारचं येणं सोडलंस, बदल्यात किती घेतलंस?' येणं वाढवायला एक सही पुरते. येणं कमी करायला कौन्सिलचा ठराव लागतो, आणि वर संशय. वाढवलं म्हणून कुणाला कधी कुणी जाब विचारलाय?"

परत येताना ऋजुता दुचाकीवर मागे बसून मनातल्या मनात भागाकार करत होती. आकड्यांच्या घरांची थकबाकी साडेनऊ कोटी. ती काढली की येणं एकोणीसवरून साडेनऊवर. देणं दहा कोटी, ते जिथल्या तिथे. पॉइंट पंच्याण्णव. वायरमनचं कोडं सुटलं होतं, आणि त्या आनंदात पहिली दोन मिनिटं तिला दुसरं काही सुचलंच नाही. मग गटार आठवलं.

रावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढला.

"ऑडिट जाहलेला आकडा एक पॉइंट नऊ आहे. कमी नाहीं, जास्त नाहीं, तोच. त्यावर सही करणं खोटं नाहीं. तुम्ही काय म्हणून उकरतां?"

"सर, पण तो पैसा नाहीच आहे."

"नाहीं तें मला ठाऊक नाहीं काय? तीस वर्षं तिजोरी मी सांभाळतों. पैसा नाहीं म्हणून मला कळतें, का नाहीं म्हणून आज कळलं, एवढंच." त्यांचा आवाज चढला. "मी कोठें राहतों तें ठाऊक आहे तुम्हांला?"

तिला माहीत नव्हतं.

"कुयवर वीथी. वरच्या बाजूस. मागच्या नोव्हेंबरांत माझ्या आईला खुर्चीसकट उचलून शेजारच्या माडीवर नेलों. ब्याऐंशी वर्षांची बाई. पाण्यांत तिचा देव्हारा तरंगत होता आणि ती वरून मला सांगत होती, गिरी, कृष्णाला आधीं घे. चौथा अर्ज आहे हा. तीन वेळां परत आले. आतां तुम्ही लातूरहून येऊन सांगतां, पॉइंट पंच्याण्णव."

  ऋजुता खालच्या आवाजात म्हणाली, "हप्ते पुढच्या वर्षी सुरू होतात, सर. कराची वसुली वाढेल असं धरलंय अर्जात. ती कुठून वाढणार? हप्ता चुकला तर मंडळ आपलं अनुदान वरच्या वर कापून घेतं. अनुदानातून पगार आणि पंपांची वीज जाते, हे तुम्हीच सांगितलंत. गटार असेल, पण पंप बंद असतील."

 रावांनी चष्मा पुन्हा चढवला. "मॅडमना सांगा. मी अडवणार नाहीं. पण माझ्या तोंडाने सांगवणार नाहीं."

ऋजुता लगेच गेली नाही. भीती हे एक कारण होतं, पण खरं कारण वेगळं होतं. प्रयोगशाळेत एखादं मापक चुकीचं निघालं, की त्याने घेतलेली सगळीच मापं पुन्हा तपासायची असतात. ही आकड्यांची घरं फक्त एकाच गुणोत्तरात घुसून बसली असतील, असं कसं होईल? तिने मंडळाच्या अर्जातले सगळे रेशो पुन्हा मांडले, एकदा त्या घरांसकट आणि एकदा त्यांच्याशिवाय. बहुतेक ठिकाणी फरक किरकोळ होता. एका ठिकाणी मात्र तिने बेरीज तीनदा करून पाहिली.

वसुलीचं प्रमाण. म्हणजे मागितलेल्या करापैकी किती टक्के हातात आला. नगरपालिकेने वर्षभरात वसूल केले होते आठ कोटी. मागणी वीस कोटींची. म्हणजे चाळीस टक्के, आणि याच आकड्यावरून जिल्ह्याच्या बैठकीत पूंगोल्लैला दर वर्षी बोलणी खावी लागत. पण त्या विसातले साडेनऊ कोटी मागितले जात होते ते त्या आकड्यांच्या घरांकडे. ते वजा केले तर मागणी साडेदहा, वसुली तीच आठ. शहात्तर टक्के.

जी घरं एका भागाकारात रेघेच्या वर बसून अब्रू वाढवत होती, तीच दुसऱ्या भागाकारात खाली बसून अब्रू घालवत होती. ऋजुताने ते रावांना दाखवलं तेव्हा ते आकडे आधी तोंडाने पुटपुटले, मग बोटाने मोजले.

"म्हणजे आमचे लोक कर भरतात?"

"चारातले तीन रुपये भरतात, सर."

"ऐयो," राव म्हणाले. "आणि इतकी वर्षं आम्ही त्यांना बुडवे म्हणून सांगितलों."

आयुक्त विजयालक्ष्मी नेमक्या बोलणाऱ्या बाई होत्या. समोरचा माणूस काय म्हणणार हे त्यांना दुसऱ्या वाक्यात कळायचं आणि तिसरं त्या ऐकून घेत नसत. ऋजुताचं मात्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तू मला दशांश चिन्हासकट संकट आणून दिलंस," त्या म्हणाल्या. "आठ हजार नोंदी काढायच्या म्हणजे उद्या पेपरात येणार, आयुक्तांनी साडेनऊ कोटी माफ केले."

"माफ नाही, मॅडम. ते कुणाकडूनच येणं नव्हतं."

"हे तुला कळतं, मला कळतं. मथळा लिहिणाऱ्याला कळायला पाहिजे." त्यांनी रावांकडे पाहिलं. "राव, तुमचं मत?"

राव उभेच होते. "मॅडम, माझं घर त्या रस्त्यावर आहे. माझं मत विचारूं नका."

विजयालक्ष्मींनी तिथल्या तिथे मंडळाला फोन लावला. पलीकडचा अधिकारी आधी ऐकेना. रेशो एक पॉइंट पंचवीसच्या खाली असेल तर कर्ज नाही, नियम म्हणजे नियम. मग विजयालक्ष्मींनी वसुलीचा आकडा सांगितला. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "पंचाहत्तर टक्क्यांच्या वर वसुली असलेल्यांसाठी त्यांची दुसरी योजना आहे. हप्ता थेट कराच्या खात्यातून कापतात, म्हणून करंट रेशोची अट नाही. पण दोन कोटींच्या वर देत नाहीत. आणि आधी नोंदी काढल्याचा कौन्सिलचा ठराव पाहिजे."

दोन कोटी म्हणजे अर्धं गटार.

कुठलं अर्धं, यावर चर्चा होण्यासारखं काही नव्हतं.  ते रावच म्हणाले, "खालचं. तलावाकडून वर यायचं. वरचं आधीं बांधलं तर आमचं पाणी त्यांच्या घरांत ओतलं जाईल." आणि फाइल काखेत मारून बाहेर गेले.

ठराव सोपा गेला नाही. एका सदस्याने विचारलं की उद्या माझंही घर आकड्याचं म्हणून काढणार का? विजयालक्ष्मींनी त्यांना त्यांच्याच घराच्या दोन्ही नंबरांची बिलं दाखवली. त्यातलं एक त्यांनी स्वतः वेळेवर भरलेलं होतं आणि दुसऱ्याखाली त्यांच्या आजोबांचं नाव होतं. सदस्य बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मीही थकबाकीदार?" सभागृह हसलं. मग हात वर झाले. तिन्ही वॉर्डांत प्रत्येक फाटकाशी जाऊन खात्री करायची आणि मगच नोंद काढायची, अशी अट घालून ठराव झाला. महिनाभर रंगा आणि त्याचे सोबती फाटकाफाटकाचे फोटो काढत फिरले.

काम सुरू झालं तेव्हा सप्टेंबर लागला होता. तलावाच्या बाजूने खोदत खोदत सुंदरची माणसं वर सरकत होती. रावांनी घरी आईचा पलंग विटांवर चढवला आणि खालच्या कपाटातलं सामान माळ्यावर टाकलं. ऋजुताला हे रंगाकडून कळलं.

सुंदरचं पहिलं बिल आलं. कर्जाची रक्कम वेगळ्या खात्यात पडून होती, अभियंत्याने मोजमाप तपासलं होतं, सही तेवढी बाकी होती. राव फाइल उघडून बसले होते.

"काय झालं, सर? काही चुकलंय?"

"कांहीं चुकलं नाहीं. तेंच विचित्र वाटतें." त्यांनी पेन हातात फिरवलं. "बिल आलं की फाइल खालीं ठेवायची. मग तो येतो, मग आपण म्हणतों पुढच्या महिन्यांत या. हात असाच शिकला आहे. ह्या फाइलीला खालीं ठेवायचं कारणच सांपडत नाहीं." आणि सही केली.

दोन दिवसांनी सुंदर स्वतः हजर. पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन फोन, चेहऱ्यावर काळजी.

"राव सर, खात्यात पैसे आलेत."

"मग?"

"मग काय, सर, तेच विचारायला आलो. काही चूक झालीय का? परत मागणार असाल तर आत्ताच सांगा, मी अजून हात लावला नाही."

ऋजुताने हसू दाबायला तोंड फिरवलं. राव मात्र गंभीर होते. "तुमचं बिल होतं, तुम्हांला दिलों. बसा, कॉफी घ्या."

सुंदर बसला, पण टेकला नाही. कॉफीची वाटी हातात धरून म्हणाला, "खरं सांगू का? तुमच्या ऑफिसचं टेंडर भरताना आम्ही सगळेच दर चढवून भरतो. पैसे वर्षाने मिळणार, तोवर व्याज कोण भरणार? असे पैसे मिळणार असते तर मी हे काम कमी दराने घेतलं असतं." आणि मग पुढे झुकून, "माझी माणसं आहेत, यंत्र साइटवर आहे. पाऊस लागायच्या आत तुमच्या वरच्या भागातही साठ-सत्तर मीटर पुढे जाता येईल. बिल मी जानेवारीत लावतो. तुमच्यावर विश्वास बसला असं समजा."

साठ-सत्तर मीटर म्हणजे कुठवर, हे ऋजुताने नकाशा न बघता ओळखलं. रावांच्या दारापर्यंत.

रावांनी कॉफी खाली ठेवली.  मग ते उठले. "हें मॅडमना विचारा. मी त्या खोलींत येणार नाहीं. ऋजुताबाई, तुम्ही जा, त्यांना हिशेब लागेल."

विजयालक्ष्मींनी सुंदरचं म्हणणं ऐकलं आणि ऋजुताला एकच प्रश्न विचारला, "जानेवारीत आपल्याला परवडेल?"

तीन महिन्यांपूर्वी या प्रश्नाला कुणीच उत्तर देऊ शकलं नसतं. बारा कोटी येणं आहे, असं तक्त्याने सांगितलं असतं आणि तिजोरीने नाही म्हटलं असतं. आता तक्त्यात फक्त विटांची घरं होती. ऋजुताने कागद ओढला. ऑक्टोबरची सहामाही, पहिल्या महिन्यात सूट घेऊन भरणारे किती, उरलेले डिसेंबरपर्यंत किती, त्यातून पगाराला कमी पडतील ते वजा, वीज वजा, कर्जाचा हप्ता वजा. तिने खाली रेघ मारली, आकडा लिहिला, आणि त्यातून थोडं आणखी वजा केलं, कारण माणसं शिस्तीत वागत नाहीत.

"पन्नास मीटर परवडेल," ती म्हणाली. "सत्तर नाही."

"पन्नास कुठवर येतं?"

"राव सरांच्या दोन घरं आधी संपतं, मॅडम."

विजयालक्ष्मींनी पेन उचललं. "सत्तरच करून टाकलं तर?"

ऋजुताला हो म्हणायचं होतं. तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. कुठे काही जास्त वजा झालंय का ते शोधलं. नव्हतं झालं. "तर मार्चमध्ये पुन्हा कुणाची तरी फाइल खाली ठेवावी लागेल."

"पन्नास," विजयालक्ष्मी म्हणाल्या आणि वाढीव कामाच्या कागदावर सही केली.

राव बाहेर बाकावर बसले होते, मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखे. ऋजुता त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पन्नास मीटर."

त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात तो रस्ता चालून पाहिला असावा, कारण बोटं गुडघ्यावर एक एक दार मोजत होती. मग डोळे उघडले.

"म्हणजे अरुमुगमच्या दारापर्यंत," ते म्हणाले. "त्याच्या घरांत लहान पोरं आहेत. बरं जाहलं." थोडं थांबून, "आमच्या दारांतलं पाणी तिथून दोन घरं चालून गटारांत जाईल. पहिल्यांदा त्याला जायला जागाच नव्हती. आईला ह्या वर्षीं माडीवर न्यावं लागेल काय?"

"मला माहीत नाही, सर. पण काढता येईल. तुमच्या दाराची आणि अरुमुगमच्या दाराची उंची मोजलीय कुणी?"

"कोण्ही नाहीं."

ऋजुता उठली. "अभियंत्यांकडे लेव्हलचं यंत्र आहे. आत्ता गेलो तर अंधाराच्या आत मोजून होईल."

राव एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि एकदा तिच्याकडे बघत म्हणाले, "चला," आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच ऑफिस सुटायच्या आधी उठले.